वायफाय कॅमेऱ्यात रात्री काठी दिसत नाही

पॅसेजमधली

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ वाटेल, पण दोन महिने डोकं खातोय.

बाबा एकटे राहतात, मी दुसऱ्या गावात. रात्री दोन-तीनदा उठतात. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत सातेक मीटरचा लांबट पॅसेज आहे. एकदा बाथरूमच्या दाराशीच घसरून पडले, तेव्हापासून रात्री काठी घेऊनच उठायचं असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी ठरवलंय. फोनवर विचारलं की "घेतो की" असं उत्तर येतं, आणि त्या "की"वर माझा काडीचा विश्वास नाही.

म्हणून पॅसेजमध्ये एक साधा वायफाय कॅमेरा ठेवला. १०८०पी (म्हणजे आडवे १९२० पिक्सेल), ११० अंशांची लेन्स, कार्डाची सोय, अंधारासाठी इन्फ्रारेड दिवे. खोलीच्या दारालगत लोखंडी कपाट आहे, त्याच्या माथ्यावर ठेवलाय, कडेपासून चार बोटं आत, म्हणजे धक्का लागून पडायला नको. मूळ वायर प्लगपर्यंत पोचत नव्हती, घरात एक पाच मीटरची पडली होती ती लावली. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या मागे.

दिवसा लावून बघितला तर चित्र बरं असतं. रात्री मात्र तीन प्रकार होतात. एक, सगळ्यावर दुधाळ पडदा, आणि चित्राच्या तळाशी डोळे दिपतील असा पांढरा पट्टा. दोन, माणूस हलला की चौकोन-चौकोन होतात. परवा पावणेतीनला बाबांचं धड बाथरूमच्या दारात पोचलं होतं आणि पाय अजून पॅसेजच्या मध्यावर उभे होते. दोन-तीन सेकंदांनी पाय आपले आपण येऊन धडाला चिकटले. आता हसू येतंय, तेव्हा पोटात गोळा आला होता. तीन, कधी कधी नेमके ते उठले की "कनेक्ट होत आहे"चं चक्र फिरत बसतं आणि चित्र येतं तेव्हा पॅसेज रिकामा.

अ‍ॅप काढून परत टाकलं, लेन्स पुसली, कॅमेरा बंद-चालू केला, माझ्याकडचं इंटरनेटसुद्धा बदलून पाहिलं. भाऊ म्हणतो फोरके, म्हणजे आणखी बारीक चित्राचा, कॅमेरा घे. मला चेहरा नको, रंग नको. हातात काठी आहे की नाही, एवढं कळलं तरी पुरे. नवा घेऊ का?

वेगवान

बाबांकडचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे? १०० च्या खाली असेल तर वाढवा. माझ्याकडे ३०० आहे, काहीही अडकत नाही.

तारवाला

वेगवान, प्लॅनचा जो आकडा मिरवतात तो बहुतेक वेळा डाउनलोडचा. कॅमेऱ्याचं चित्र घरातून बाहेर जातं, म्हणजे कामाचा तो अपलोड. १०८०पी चं एक चित्र साधारण २ ते ४ एमबीपीएसमध्ये मावतं. तेवढा अपलोड असेल तर ३०० घेऊन कॅमेऱ्याला काही फरक पडणार नाही.

ताई, एक पैसा खर्च करायच्या आधी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा आणि त्या पावणेतीनची क्लिप बघा. कॅमेरा कार्डावर लिहितो तेव्हा मध्ये वायफाय नसतं, राउटर नसतो, तुमचा फोन नसतो. भिंगातून आलं ते सरळ कार्डावर. कार्डावर चित्र स्वच्छ आणि फोनवर चिखल, तर दोष वाटेत आहे. कार्डावरही चिखलच, तर दोष कॅमेऱ्याच्या जागी: प्रकाश, भिंग, सेटिंग. घोडं कुठे पेंड खातंय ते दहा मिनिटांत कळतं. लोक हे सोडून आधी राउटर बदलतात, मग कॅमेरा, मग कंपनीला शिव्या देतात. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कार्ड उघडून बघितलेला माणूस मला क्वचितच भेटतो. (कार्डावरची फाइल कॉम्प्युटरवर उघडत नसेल तर अ‍ॅपमधून तीच क्लिप डाउनलोड करून घ्या. नुसती चालवून बघू नका, पूर्ण उतरवा.)

त्या धड-पायांबद्दल. कॅमेरा दर वेळी पूर्ण चित्र पाठवत नाही. दोन-चार सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवतो, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या काळात फक्त "काय बदललं" एवढंच कळवतो. वाटेत त्यातला एखादा तुकडा गळला की अ‍ॅपकडे जुने पाय उरतात आणि नवं धड येतं. पुढची की-फ्रेम आली की सगळं जागेवर. तुमचे पाय दोन-तीन सेकंदांनी धडाला चिकटले ना? तो हाच हिशोब. म्हणून माझा पहिला संशय वायफायवर.

आणखी दोन गोष्टी तिथे गेल्यावर बघा. अ‍ॅपमध्ये लाइव्ह चित्राच्या कोपऱ्यात एचडी, एसडी किंवा ऑटो लिहिलेलं असतं. ऑटो असेल तर सिग्नल ढेपाळला की अ‍ॅप गुपचूप सब स्ट्रीमवर, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या चित्रावर, येतं. ते चित्र बहुधा ६४० बाय ३६० असतं. तुम्ही १०८०पी म्हणून बघताय ते १०८०पी नसेलही.

दुसरं, कॅमेऱ्याच्या माहितीच्या पानावर सिग्नलचा आकडा असतो, वजा काहीतरी डीबीएम. वजा ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला, म्हणजे वजा ६०, वजा ५०, तर व्हिडिओ नीट चालतो. वजा ७५ च्या पलीकडे गेलात तर रडगाणं ठरलेलं. दर १० डीबीला सिग्नलची ताकद दहापट घटते, त्यामुळे ६७ आणि ७७ शेजारी दिसले तरी शेजारी नाहीत. राउटर टीव्हीमागे आणि कॅमेरा लोखंडी कपाटावर, हे वाचूनच मला घाम फुटला.

शंकासुर

तांत्रिक नाही, पण विचारतो. बाबांना माहीत आहे का कॅमेरा आहे ते?

पॅसेजमधली

शंकासुर, माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी कॅमेऱ्याला स्वतःची टोपी घातली होती. नंतर तह झाला. खोलीत नाही, बाथरूमच्या आत नाही, फक्त पॅसेज, आणि रात्री दहा ते सहा. दिवसभर तो बंद असतो. चालू करणं-बंद करणं त्यांच्याच हातात.

तारवाला, रविवारी जाते आणि सांगते.

शंकासुर

मग ठीक. पासवर्ड तेवढा कंपनीचा ठेवू नका, आणि गेलातच आहात तर फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करून या.

पॅसेजमधली

जाऊन आले. कार्ड लॅपटॉपला लावलं. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले, स्वतःला बघायला.

पावणेतीनची क्लिप: पाय धडाला जोडलेले आहेत! एकसुद्धा चौकोन नाही. म्हणजे चित्र फुटतं ते वाटेत, हे तुमचं खरं ठरलं. पण दुधाळ पडदा आणि तळाचा पांढरा पट्टा कार्डावरही आहेच. आणि काठी तिथेही दिसत नाही. हाताशी काहीतरी करडं आहे, ते पायजम्याची घडीही असू शकेल. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तूच बघ, तुझाच कॅमेरा."

अ‍ॅपमध्ये ऑटो होतं. सिग्नल वजा ७८. राउटरशेजारी फोन धरला तर अपलोड १८ एमबीपीएस, कपाटाशी त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर जेमतेम दीड. प्लॅन निर्दोष सुटला.

एक विचित्र गोष्ट. मागच्या आठवड्यात दोन रात्री अ‍ॅप "कनेक्ट होत आहे" करत बसलं होतं, त्या वेळा मी लिहून ठेवल्या होत्या. कार्डावर नेमक्या त्या वेळी मिनिट-दीड मिनिटाचं भोक आहे. क्लिपच नाही. वायफाय गेलं तरी कार्डावर लिहायला हवं होतं ना?

तारवाला

हवं होतं. कार्डावर भोक म्हणजे कॅमेरा स्वतःच बंद पडून परत चालू झाला. आता वायफाय बाजूला ठेवा आणि ती "घरात पडलेली" पाच मीटरची वायर आठवा.

फोन चार्ज करायच्या स्वस्त लांब वायरीत तांब्याची तार केसासारखी असते. २८ गेजची धरली तर मीटरला साधारण ०.२ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे पाच मीटरचे दहा मीटर, २ ओहम. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला की वायरीतच १ व्होल्ट संपला. अ‍ॅडॅप्टरमधून ५ निघाले, कॅमेऱ्याला ४ मिळाले. दिवसा तो कमी ओढतो म्हणून निभतं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागलेले असतात, त्यात बाबा उठले की हालचाल ओळखणं, कार्डावर लिहिणं, वायफायवर पाठवणं, सगळं एकदम अंगावर येतं आणि तो मान टाकतो. उठून उभा राहीपर्यंत बाबा परत अंथरुणात.

उपाय: भिंतीतून येणारी वायर लांब करा, कॅमेऱ्याची नाही. म्हणजे २३० व्होल्टचं चांगलं एक्स्टेंशन कॅमेऱ्यापर्यंत न्या आणि तिथून कॅमेऱ्याची मूळ आखूड वायर. मात्र ते एक्स्टेंशन जमिनीवरून नेऊ नका. काठीचा हट्ट धरायचा आणि पायात वायर ठेवायची असं नको. भिंतीला क्लिपा मारून वरून न्या.

भिंगातून

तारवाल्यांनी वाट आणि वीज बघितली, मी चित्र बघतो. माझं काम फोटोचं, कॅमेरे दुरुस्त करत नाही, पण तो पांढरा पट्टा म्हणजे तुमच्या कपाटाचा माथा आहे, त्यावर पैज.

कॅमेरा कडेपासून चार बोटं आत आहे. इन्फ्रारेड दिवे भिंगाच्या भोवतीच असतात. त्यांचा प्रकाश आधी कपाटाच्या रंगवलेल्या पत्र्यावर पडतो आणि चार बोटांच्या अंतरावरून परत भिंगात शिरतो. पत्रा इतका उजळतो की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड भरपूर आहे. तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि सहा मीटरवरचे बाबा काळोखात जातात. दुधाळपणाही त्याच परत आलेल्या प्रकाशाचा. खिडकीच्या काचेमागे कॅमेरा ठेवणाऱ्यांचं हेच होतं, घराबाहेर लावणाऱ्यांचं कोळ्याच्या जाळ्यामुळे होतं. कॅमेरा अगदी कडेला आणा, नाक बाहेर काढून. भिंतीवर लावलात तर उत्तम. बाजूच्या भिंतीपासूनही थोडा दूर. आणि लेन्स पुसलीत ती कोरड्या कापडाने की तेलकट बोटाने, ते आठवा. पुसट बोटाचा ठसा दिवसा दिसत नाही, रात्री इन्फ्रारेडमध्ये धुकं होतो.

अंधारात आणखी एक त्रास. उजेड कमी म्हणून सेन्सर सिग्नल वाढवतो, त्यात वाळूसारखे कण येतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने कण म्हणजे सतत बदलणारं चित्र, त्यामुळे ठरलेल्या बिटरेटचा (सेकंदाला जेवढा डेटा पाठवायचा त्याचा) मोठा वाटा ती वाळू पाठवण्यातच जातो आणि माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं. अंधार कमी केला की चित्र फुटणंही कमी होतं. पायाशी येणारा एखादा मंद दिवा लावा. कॅमेऱ्यापेक्षा बाबांनाच त्याचा उपयोग जास्त.

आता काठी. इथे जरा गणित, कंटाळू नका. ११० अंशांची लेन्स सहा मीटरवर जवळपास १७ मीटर रुंदीचा पट्टा बघते. तुमचा पॅसेज असेल सव्वा मीटरचा. बाकीची रुंदी भिंतींवर वाया. १९२० पिक्सेल १७ मीटरला वाटले की मीटरला ११२ येतात. दोन सेंटिमीटर जाडीची काठी म्हणजे २ पिक्सेल. सब स्ट्रीमवर तर पाऊण पिक्सेल! जी वस्तू एक पिक्सेलही पुरता भरत नाही, ती काय दिसणार? पाळत ठेवण्याच्या कॅमेऱ्यांचं जे मानक आहे त्यात अनोळखी माणूस ओळखायला मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस हाच का हे कळायला १२५. तुम्ही त्याच्याही खाली आहात. अ‍ॅपमध्ये बोटांनी झूम करून काही होत नाही, तेच दोन पिक्सेल मोठे दिसतात. कॅमेरा तीन मीटरवर आणलात तर काठी चार-साडेचार पिक्सेलची होईल. फोरके घेतलात तर सहा मीटरवरही तेवढीच होईल, पण त्याचा बिटरेट तुमच्या वजा ७८ वर चालणार नाही. आगीतून फुफाट्यात.

यापेक्षा सोपं सांगू? सायकलवाल्यांच्या जॅकेटवर किंवा दप्तरांवर असते ती प्रकाश परतवणारी पट्टी आणा. साधी चकचकीत नव्हे, गाडीच्या दिव्यात पेटल्यासारखी दिसते ती. ती आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकते. तुमचे दिवे भिंगाला चिकटूनच आहेत, म्हणजे प्रकाश थेट भिंगात. काठीला मुठीखाली एक वेढा आणि तळाशी एक वेढा गुंडाळा. पिक्सेल दोन असोत नाहीतर पाऊण, ठिपका चमकणार.

वेगवान

पट्टीची कल्पना भारी आहे. प्लॅनचं मी मागे घेतो.

राउटरखाली

माझं थोडं वेगळं. रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावला आणि कॅमेरा आणखी अडकायला लागला. असं कसं?

तारवाला

साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे वेग ढोबळमानाने निम्मा होतो. त्यात तो कॅमेऱ्याशेजारी ठेवला असेल, जिथे मुळातच सिग्नल मेलेला, तर मेलेलंच पुढे पाठवतो. मधोमध ठेवा. वायर नेता येत असेल तर नेटवर्क केबल टाका, १०० मीटरपर्यंत चिंता नाही. आणि चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा तो हाताने निवडा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे तेवढेच तीन.

पॅसेजमधली

उशीर झाला कळवायला, पण आधी दोन आठवडे नीट बघितलं.

राउटर टीव्हीमागून काढून वरच्या फळीवर ठेवला, उघड्यावर. काही विकत न घेता ७८ चे ७१ झाले. कॅमेरा कपाटावरून उतरवून पॅसेजच्या मध्यावर भिंतीला लावला, बाथरूमच्या दारापासून तीन मीटर, तेव्हा ६२. अ‍ॅपमध्ये ऑटो काढून एचडी केलं. एक्स्टेंशन भिंतीवरून क्लिपांनी नेलं, मूळ आखूड वायर परत लावली. तेव्हापासून कार्डावर एकही भोक नाही. पांढरा पट्टा गेला, तो कपाटाचा माथाच होता. लेन्सवर ठसाही निघाला. माझाच, अंगठ्याचा.

दिव्यावरून भांडण झालं. बाबांना डोळ्यावर उजेड आला की झोप लागत नाही. शेवटी गुडघ्याखाली लावायचा, माणूस आला की पेटणारा दिवा बसवला. गंमत म्हणजे तो पेटला की कॅमेरा आतल्या आत "कट्" असा आवाज करून काळ्या-पांढऱ्यातून रंगात जातो आणि सेकंदभर सगळं पांढरंफटक होतं. तो इन्फ्रारेड अडवणारा पडदा सरकतो म्हणे. बाबांना तो आवाज ऐकू येतो. म्हणतात, "तुझा पहारेकरी बोटं मोडतो." शेवटी सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा कायम काळ्या-पांढऱ्यात ठेवला, आता आवाज नाही.

पट्टी मात्र त्यांनी स्वतः गुंडाळली, चष्मा लावून, कात्रीने टोकं नीट कापून. मुठीखाली एक, तळाशी एक. संध्याकाळी दिवे घालवून आम्ही दोघांनी तालीम केली. ते काठी टेकत चालले आणि मी फोनवर बघितलं. एक ठिपका वर कमरेशी, एक खाली जमिनीलगत, दोन्ही लखलखीत. भिंगातून, तुमचे पाय धरावेसे वाटले.

काल रात्री पावणेतीनला नोटिफिकेशन आलं. चित्र लगेच उघडलं, एक चौकोन नाही, बाबा डोक्यापासून पायापर्यंत अखंड. आणि दोन ठिपके. दोन्ही कोपराच्या उंचीला, एक पुढे, एक मागे. काठी काखेत मारून, दोन्ही हात मोकळे सोडून, चालले होते आरामात.

सकाळी फोन केला. विचारलं, "काठी घेतली होती ना रात्री?"

"घेतो की."